रोबोटिक पाय घ्यायचा म्हणता? मराठवाड्यातून कुठून सुरुवात करायची ते सांगतो

माझ्या मोठ्या भावाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला त्याला आता सहा वर्षं होतील. रात्रीचा केजकडून मोटरसायकलवर येत होता, पुढं उसाची ट्रॉली उभी, मागं ना लाल दिवा ना रेडियम. तेव्हापासून आमच्या भागात कुणाचा पाय गेला की लोक माझा नंबर देतात आणि समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, भाऊ ते मोबाईलमध्ये दाखवतात तो रोबोटिक पाय कुठं मिळंल, किती लाखाला पडंल. परवा परतूरकडून एका पोराच्या मामाचा फोन आलता, पोराचे टाके पण निघाले नव्हते अजून आणि मामा एक एकर विकायचं म्हणायले होते. त्यांना तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथं सगळ्यांसाठी लिहायलो. जमीन विकायच्या आधी एवढं वाचा.

आधी हे कळू द्या, रोबोटिक म्हणजे नेमकं काय

लोक बॅटरीवाल्या सगळ्याच पायांना रोबोटिक म्हणतात, पण वस्तू वेगवेगळ्या आहेत आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक असतो साधा यांत्रिक गुडघा. एका बिजागरीचा नाहीतर चार दांड्यांचा, त्या चार दांड्यांच्याला पॉलिसेंट्रिक म्हणतात आणि तो उभं राहताना जास्त पक्का असतो. आयआयटी मद्रासनं २०२२ ला 'कदम' नावाचा गुडघा काढला तो याच जातीचा, आपल्याच देशात डिझाईन होऊन इथंच बनलेला. बॅटरी नाही, चार्जर नाही, काही नाही.

दुसरा मायक्रोप्रोसेसर गुडघा. याच्यात सेन्सर असतात, पाय किती वाकलाय, वजन टाचेवर आहे का चवड्यावर, हे तो सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो आणि आतलं हायड्रॉलिक त्या हिशोबानं आवळतो नाहीतर सोडतो. ठेच लागली की गुडघा दुमडायच्या आत घट्ट होतो, पडायचं प्रमाण कमी होतं ते त्यामुळंच. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग १९९७ ला आला, त्याच्यानंतर बाकीच्यांनी पण काढले. पण ध्यानात घ्या, हा गुडघा तुम्हाला उचलत नाही, ढकलत नाही, नुसता रोखतो. याची बॅटरी डोकं चालवायला असते, ताकद द्यायला नाही.

तिसरा खरा मोटरवाला. आइसलंडच्या ऑसर कंपनीचा पॉवर नी २००६ ला आला, खुर्चीतून उठताना, पायऱ्या चढताना त्याची मोटर स्वतः जोर लावते. तसाच मोटरवाला घोटा पण असतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये ह्यू हेर म्हणून प्रोफेसर आहेत, १९८२ ला डोंगर चढताना बर्फात अडकले आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले, त्या माणसानं पुढं स्वतःच मोटरचा घोटा बनवला आणि त्याच्यावरच चालतो. घोट्याला मोटर कशाला पाहिजे तर चालताना अंग पुढं लोटायचं मोठं काम पोटरी आणि घोटा करतात, साध्या नकली पायात ते करणारं कुणीच नसतं, मग माणूस ती कसर कंबरेतून काढतो आणि संध्याकाळी कंबर धरते.

म्हणून कुणीही तुम्हाला रोबोटिक पाय दाखवला की एकच प्रश्न विचारा, हा ढकलतो का नुसता रोखतो? या प्रश्नाचं सरळ उत्तर जो देत नाही त्याच्याकडं पैसे देऊ नका.

पहिली पायरी, पाय घ्यायच्या आधीचे दोन-तीन महिने

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं आई, मावशी मायेनं कापलेल्या मांडीखाली उशी ठेवतात. ठेवू नका. उशीवर पाय राहिला की खुब्याचा सांधा वाकलेलाच धरतो आणि मग तो सरळ होत नाही, कितीही लाखाचा गुडघा बसवला तरी माणूस पुढं वाकूनच चालतो. त्याच्या उलट, डॉक्टरनं हो म्हणलं की पेशंटला दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपवा. गुडघ्याखाली कापलंय त्यांनी गुडघा वाकवून खाटेवरून लोंबकळत ठेवू नका, सरळ ठेवा.

मग बँडेज. उरलेल्या पायाला स्टंप म्हणतात, त्याची सूज उतरून तो गाजरासारखा निमुळता व्हायला पाहिजे. त्यासाठी क्रेप बँडेज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं तिरपं तिरपं गुंडाळायचं, खालच्या टोकाला घट्ट आणि वर येताना ढिलं. गोल गोल गुंडाळलं तर मधी आवळतं आणि टोक भोपळ्यासारखं फुगतं. दर तीन-चार तासाला सोडून परत बांधायचं. कंटाळा येतो हे मला माहिती आहे, आमच्या वहिनीनं अडीच महिने रात्री उठून उठून बांधलं.

आणखी एक, नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो, आग होते, कुणीतरी मुरगाळायलंय असं वाटतं. दादा सुरुवातीला हे कुणाला सांगायचाच नाही, लोक येडं म्हणतील म्हणून. हे खरं दुखणं आहे, त्याला फँटम पेन म्हणतात, त्याला गोळ्या आहेत आणि चांगल्या पायासमोर आरसा धरून व्यायाम करायची पण एक पद्धत आहे. डॉक्टरला मोकळं सांगा.

शुगरमुळं पाय गेला असंल तर दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री बघा, खाली आरसा धरून. तो वाचवणं पहिलं काम.

कागदपत्रं

हे काम अंथरुणावर असतानाच सुरू करा. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, तपासणीला जिल्हा रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजला जावं लागतं, म्हणजे आपल्याकडं संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, लातूर, नांदेड जे जवळ पडंल ते. अपंगत्वाची टक्केवारी ४० किंवा त्याच्यावर असली की बहुतेक योजना लागू होतात. सोबत उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. दिव्यांगांना साधनं द्यायची केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, तिच्यात कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी जिल्ह्याजिल्ह्यात कॅम्प घेते, आधी मोजमापाचा आणि नंतर वाटपाचा, दोन्हीला जावं लागतं. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, फिटिंगसाठी दहा-दहा चकरा होतात तेव्हा हे पैसे दिसून येतात.

आणि अपघाताची केस असंल तर वकिलाला सांगा की दाव्यात नकली पायाचा, त्याच्या दुरुस्तीचा आणि पुढं तो बदलायचा खर्च पण मांडा. सुप्रीम कोर्टानं असा खर्च धरून भरपाई दिलेले निकाल आहेत. लई जण नुसत्या दवाखान्याच्या बिलावर दावा लावतात आणि मग हळहळतात.

दुसरी पायरी, पहिला पाय साधाच घ्या

हे माझं ठाम मत आहे. पहिल्या वर्षात स्टंप सारखा बारीक होत जातो, आज बसलेलं सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती वाटी, तीन-चार महिन्यांनी ढिलं होतं. त्यात चालायची सवय नसते, तोल नसतो.

कुठं जायचं? जयपूर फूट सगळ्यांना माहिती आहे, १९६८ ला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो घडवला. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो फुकट देते. गुडघ्याखाली पाय गेलेल्या शेतकऱ्याला तो आजही लई कामाचा आहे, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं, आणि हे बाहेरच्या देशातल्या महागड्या पायांना जमतंच असं नाही. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासूनचं आहे, मुळात जवानांसाठी, पण पैसे भरून सिव्हिलियन लोकांना पण घेतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची. खाजगीत गेलात तर पाय बनवणाऱ्या माणसाला त्याचा आरसीआय नंबर विचारा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडची नोंदणी. भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलं असतं, नसंल तर उठून या.

तिसरी पायरी, सॉकेट, खरा पाय हाच

आमचं जे चुकलं ते सांगतो. तिसऱ्याच महिन्यात आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो, त्यांनी टॅबवर व्हिडिओ दाखवले, आम्ही पन्नास हजार ॲडव्हान्स दिला आणि नवव्या दिवशी पाय तयार. ट्रायल नाही काही नाही. घरी येईपर्यंत जांघेत सोलून निघालं. दोन महिन्यात स्टंप बारीक झाला आणि सात-सात मोजे घालून पण पाय आत फिरायला लागला. पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही, पण दादाचं मन उडालं, चार महिने पाय कोपऱ्यात उभा आणि दादा परत कुबड्यांवर.

सॉकेट म्हणजे ज्या वाटीत स्टंप बसतो ती. गुडघा कितीही हुशार असू द्या, वाटी टोचली तर तो पाय कुणी घालत नाही. पीओपी लावून माप घेतात, त्यावरून साचा बनतो. त्याच्यानंतर पारदर्शक प्लास्टिकचं ट्रायल सॉकेट मागा. ते आरपार दिसतं, उभं राहिलं की कुठं कातडी पांढरी पडायली, म्हणजे कुठं दाब जास्त यायला, ते डोळ्यांनी कळतं.

नंतरच्या सेंटरवर ज्या मॅडम होत्या त्यांनी दादाला दहा पावलं चालवलं, बसवलं, सॉकेट काढलं आणि घड्याळ लावून बसल्या. मांडीवर लाल डाग उठलेले. बाजूचे डाग पाच-सहा मिनिटांत गेले, पण जांघेजवळचा एक, सुपारीएवढा, दहा मिनिटं झाली तरी तसाच. मॅडमनी त्याच्यावर पेन्सिलनं गोल केला, ओल्या पेन्सिलीची खूण सॉकेटच्या आतून उमटवून घेतली, आत जाऊन हीट गननं तेवढीच जागा बाहेर लोटली आणि परत घालायला लावलं. असं त्या दिवशी चार वेळा झालं. मी तिथं बसल्या बसल्या शिकलो, दहा मिनिटांत गेला तर डाग चालतो, राहिला तर तिथं जखम होणार. हे तुम्ही घरी पण रोज करू शकता.

गुडघ्याच्या वर कापलेल्यांचं वजन बरंचसं बसायच्या हाडावर यायला पाहिजे, खाली कापलेल्यांचं गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर आणि आजूबाजूला. स्टंपचं टोक तळाला आदळायलं असंल नाहीतर खाली पोकळी राहून ओढल्यासारखं वाटत असंल तर लगेच सांगा, भीड धरू नका. आणि बिल करताना सॉकेटचं वेगळं, गुडघ्याचं वेगळं, पंजाचं वेगळं लिहून घ्या. सॉकेट बदललं तरी गुडघा तोच नव्या सॉकेटला जोडता येतो, हे लोकांना माहितीच नसतं आणि ते सगळाच पाय परत विकत घेतात.

चौथी पायरी, चालायला शिकणं

पाय मिळाला म्हणजे चालता आलं असं नसतं. आधी दोन दांड्यांच्या मधी नुसतं वजन इकडून तिकडं टाकायचं, मग पावलं, मग काठी, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं हे पण फिजिओकडून शिकून घ्या, ते कुणी आपणहून शिकवत नाही. दादाला सपाट फरशीवर दीड महिन्यात जमलं, पण शेतात जायला सहा महिने गेले, आपली काळी माती पावसात पंजाला अशी धरते की पाय उचलताना सॉकेटच खाली ओढल्यासारखं होतं.

पुढच्या पायाचा विचार कधी करायचा? साधा पाय दिवसभर, सात-आठ तास, जखम न होता घातला जातोय, आणि हळू-जोरात असं वेग बदलून चालता येतंय, तेव्हा. सेंटरवाले याचीच लेव्हल काढतात, के-झिरो ते के-फोर. जो घरातल्या घरातच फिरतो त्याला आणि जो एसटी पकडायला पळतो त्याला एकच गुडघा चालत नाही.

पाचवी पायरी, आता बोला बॅटरीच्या पायाचं

किंमत आधी. बाहेरून येणारे मायक्रोप्रोसेसर गुडघे १० लाखापासून ६० लाखापर्यंत जातात, हा आकडा इस्रोनंच २०२२ ला स्वतःचा गुडघा दाखवताना दिलता. इस्रोचा साधारण १.६ किलोचा आहे आणि त्याच्यावर एक जण थोड्या आधारानं शंभर मीटर चालला. किंमत दहापट कमी करायचं त्यांचं ध्येय आहे. हे काम मनापासून आवडलं मला, ज्या दिवशी हा गुडघा जिल्ह्याच्या कॅम्पमध्ये यील त्या दिवशी आपल्या भागातल्या किती घरांचं ओझं उतरंल.

घ्यायला गेलात तर ट्रायल मागा आणि ट्रायल दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नको. उतार, पायऱ्या, खडी, आणि खुर्चीतून पाच-सात वेळा उठणं-बसणं. दादानं दोन तास ट्रायल केली. साध्या गुडघ्यानं तो पायऱ्या उतरताना एकेक पायरी, आधी नकली पाय मग चांगला, असं उतरायचा. मायक्रोप्रोसेसरवर त्या फिजिओ सरांनी सांगितलं की टाच पायरीवर ठेवा, पंजाचा पुढचा अर्धा भाग बाहेर राहू द्या आणि वजन टाका, घाबरू नका. त्यानं कठडा असा धरला की बोटं पांढरी झाली, आणि गुडघा हळूहळू, तेलात बुडाल्यासारखा वाकला आणि दुसरा पाय पुढच्या पायरीवर. आठ पायऱ्या उतरला आणि खाली जाऊन काहीच बोलला नाही, परत वर चढून आला आणि परत उतरला.

दाव्याचे पैसे आले तेव्हा आम्ही तोच घेतला. मोटरवाला का नाही घेतला? वजन जास्त, चार्जिंग लवकर संपतं, आवाज येतो, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठं पाठवायचा याचं उत्तर आम्हाला पटलं नाही. पण दोन्ही पाय गेलेत, नाहीतर दुसरा पाय पण कमजोर आहे आणि उठणंच होत नाही, अशा माणसाला मोटर खरंच लागू शकते, म्हणून डोळे झाकून नको पण म्हणू नका.

विचारायचे प्रश्न असे, बॅटरी एका चार्जवर किती वेळ जाते, बॅटरी संपली तर गुडघा ताठ होतो का मोकळा सुटतो, पाण्यात चालतो का, वॉरंटी किती वर्षं आणि त्यात सर्व्हिस किती वेळा, दुरुस्तीला गेला तर बदली गुडघा देता का, सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला आहे का पुण्या-मुंबईलाच. बॅटरी संपल्यावर काय होतं हा प्रश्न तर लिहून घेऊन जा, आपल्याकडं वादळ आलं की दोन-दोन दिवस लाईट नसते. आम्ही चार्जिंगला एक छोटा इन्व्हर्टर ठेवलाय आणि जुना साधा पाय जपून ठेवलाय.

अंगावर घालायचा रोबोट

हे वेगळं आहे. पाय आहेत पण मणक्याला मार लागून चालत नाहीत, किंवा लकवा मारलाय, त्यांच्यासाठी एक्सोस्केलेटन असतो, बाहेरून घालायचा सांगाडा, खुब्याला आणि गुडघ्याला मोटरा. रीवॉक नावाच्या यंत्राला अमेरिकेत २०१४ ला घरी वापरायची परवानगी मिळाली, ते काढणारे इस्रायलचे अमित गोफर स्वतः अपघातात हातापायानं अधू झालेले, आणि हातात कुबड्या धरायची ताकद लागते म्हणून ते यंत्र त्यांना स्वतःलाच वापरता येत नव्हतं. हे मुद्दाम सांगितलं, कारण घेण्याआधी बघायचं तेच आहे, खांदे-हात मजबूत पाहिजेत, हाडं ठिसूळ नकोत, अंगावर बेडसोर नको, सांधे आखडलेले नकोत. विकत घ्यायच्या मागं लागू नका, जिथं हे यंत्र आहे अशा रिहॅब सेंटरला जाऊन सेशन घ्या. केरळच्या जेनरोबोटिक्सनं जी-गेटर म्हणून चालायला शिकवणारं यंत्र बनवलंय, ते तिकडच्या दवाखान्यात वापरतात. लकव्याच्या पेशंटला सुरुवातीच्या महिन्यांत अशी प्रॅक्टिस आणि रोजची फिजिओथेरपी दोन्ही पाहिजे, यंत्राची वाट बघत फिजिओ थांबवू नका.

रोजचं

आपला एप्रिल-मे म्हणजे लायनरची परीक्षा. लायनर हा सिलिकॉनचा मोजा, त्यात घाम साचतो, दादा दुपारी काढतो तेव्हा अक्षरशः ओतावं लागतं. दुपारी एकदा काढायचा, स्टंप आणि लायनर कोरडे करायचे, परत घालायचं. रात्री साध्या साबणानं लायनर धुवून सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. स्टंपला तेल, पावडर, स्पिरिट काही लावून पाय घालायचा नाही. जखम दिसली की त्या दिवशी पाय नाही, कुबड्या. एक दिवस गेला तर चालतं, हट्टानं घातला तर महिना जातो.

दर सहा महिन्याला सेंटरवर जाऊन अलाइनमेंट, म्हणजे पायाची सरळ जुळणी बघून घ्या, बोल्ट ढिले होतात, चप्पल बदलली की टाचेची उंची बदलते आणि गुडघ्याचं सगळं गणित बदलतं. नवीन चप्पल घेताना जुनी सोबत न्या आणि टाच मोजून घ्या.

परतूरच्या मामांना मी शेवटी सांगितलं की जमिनीचं सध्या राहू द्या, डॉक्टरला विचारून सहा इंची क्रेप बँडेजचे दोन रोल आणा, सिस्टरकडून गुंडाळायला शिका आणि मला फोटो पाठवा. काल आला फोटो. टोकाला ढिलं आणि वर घट्ट होतं, सोडून परत बांधायला लावलंय.